लाकडी डक कॉल घरी बनवताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डक कॉल म्हणजे नेमकं काय?

तोंडाने फुंकून बदकाच्या मादीचा ‘क्वॅक’ काढायची, साधारण साडेचार इंच लांबीची लाकडी नळी. गड्ड्याच्या जत्रेत मिळणाऱ्या पिपाणीची ही थोरली बहीण समजा. दोन्हीत पातळ पत्ती थरथरते आणि आवाज निघतो. फरक असा की पिपाणी कशीही वाजली तरी चालते, ही मात्र बदकासारखीच वाजली पाहिजे.

हा छंद मूळचा अमेरिकेतला. तिथे एलॅम फिशर यांनी १८७० साली डक कॉलचं पेटंट घेतलं, आणि अर्कान्सॉ राज्यातल्या स्टटगार्ट गावात १९३६ पासून हे वाजवण्याच्या स्पर्धा भरतात. खाली दिलेली पद्धतही त्याच भागातली, एका अखंड लाकडातून आवाजाचा भाग कोरायची.

या पानावर पाच शब्द पुन्हा पुन्हा येतील. नळी म्हणजे तोंडाला लावायचा पोकळ भाग. खुंटी म्हणजे नळीत खालून घट्ट बसणारा भाग. खुंटीचं आतलं टोक अर्धं कापून सपाट केलेलं असतं, तो टोनबोर्ड. त्यावर प्लास्टिकची पत्ती निजते आणि तिला मागून धरून ठेवते ती पाचर.

आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. मग हे बनवणं कायद्यात बसतं का?

बनवण्यावर बंदी नाही. वापरावर आहे, आणि ती कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारणं, पकडणं याबरोबर हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. त्यामुळे कॉल वाजवून रानबदकं जवळ बोलावण्याच्या भानगडीत पडूच नका.

कायदा बाजूला ठेवला तरी हिप्परगा, होटगी, संभाजी तलाव किंवा उजनीच्या पाणथळीवर हिवाळ्यात उतरलेले पक्षी लांबचा पल्ला मारून आलेले असतात. त्यांना फसवून उडवण्यात कसली कला? कॉल घरी वाजवा, गच्चीवर वाजवा, नाटकाच्या पार्श्वध्वनीला वापरा. तळ्यावर जाताना तो घरीच राहू दे.

लाकूड कोणतं घ्यावं?

घट्ट, बारीक रेषेचं आणि पूर्ण वाळलेलं. सोलापूरच्या कोरड्या मुलखात बाभूळ मुबलक, आणि तिचा आतला तांबूस गाभा या कामाला फार चांगला. बैलगाडीला चालणारं लाकूड फुंकणीला का चालणार नाही? शिसम उत्तम. चिंचेचा काळपट गाभा कठीण असतो, पण एकदा सूत जमलं की आरशासारखा चकाकतो.

सागवान सगळ्यांना आधी आठवतं. जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान मिळालं तर ते पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं, ही मोठी जमेची बाजू. दोन अडचणी मात्र आहेत. रेषा जाड असल्याने टोनबोर्डची कड सहज तुटते, आणि लाकूड तेलकट असल्याने गोंद धरत नाही. चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्या. नळीला सागवान, खुंटीला बाभूळ किंवा शिसम, ही जोडी चालून जाते. चौकटीच्या लाकडावरून करवत फिरवण्याआधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा असेल तर ड्रिलचा बिट जागीच जातो.

कण्हेर, रुई असल्या विषारी झाडांचं लाकूड कधीही नको. रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर भरपूर छाटलेली पडते म्हणून हा मुद्दाम उल्लेख. वस्तू तोंडात जाणार आहे.

ओलं लाकूड आणलं असेल तर तुकडे पाडून दोन्ही टोकांना वितळलेलं मेण लावा आणि सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करा. सलग तीन आठवडे वजन घटलं नाही की लाकूड तयार. एप्रिल-मे महिन्यात उन्हात ठेवलेली बाभूळ दोन दिवसांत टोकापासून तडकते.

घरात जुन्या मागाचे लाकडी धोटे पडलेत. त्यांचा कॉल होईल का?

हा प्रश्न सोलापुरातच यायचा! लाकूड छान घट्ट असतं, पण कांडी बसण्यासाठी धोट्याचा मधला भाग पोकळ कोरलेला असतो आणि टोकांना लोखंडी टोपण ठोकलेलं असतं. उरलेला भरीव तुकडा खुंटीलाही अपुरा पडतो. धोटा शोकेसमध्येच शोभतो.

पत्ती कसली असते आणि कुठे मिळेल?

मायलरची, म्हणजे पॉलिस्टर फिल्मची. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वाइंडिंगच्या इन्सुलेशनसाठी ती वापरतात. यंत्रमागांच्या गावात अशी दुकानं शोधावी लागत नाहीत. २५० मायक्रॉन आणि ३५० मायक्रॉन अशा दोन जाडीचे तुकडे मागा. दिसायला सारखाच असणारा, कागद चिकटवलेला इन्सुलेशन पेपर देऊ करतील. तो घेऊ नका, थुंकीने फुगतो.

पहिल्या कॉलला २५० मायक्रॉन घ्या. ती कमी फुंकीत बोलते. ३५० मायक्रॉनची पत्ती मोठा, भरदार आवाज देते, पण छातीत तेवढा दम लागतो. एक्स-रे फिल्म किंवा बाटलीचं प्लास्टिक कापून पाहणारे बरेच असतात. बाटलीच्या प्लास्टिकला मुळातच बाक असतो, त्यामुळे पत्ती कधी सपाट बसत नाही.

लेथ नाही. काय करू?

कातारी गाठा. पोळपाट-लाटणी, पलंगाचे पाय कातणाऱ्याला नळी आणि खुंटीचा बाहेरचा आकार कातायला वेळ लागत नाही. मापाचा कागद द्या आणि १६ मि.मी. भोक आधी पाडायला सांगा. आधी कातून मग भोक पाडलं तर ते हमखास एका बाजूला सरकतं. टोनबोर्डचं काम मात्र स्वतःच करा. ते हातानेच करायचं असतं आणि खरा छंदही तोच.

कातारी नसेल तर नळी चौकोनी ठेवून रंध्याने कोपरे मारा, अष्टकोनी नळी सुरेख दिसते. बाकी हत्यारं साधी: बारीक दाताची करवत, सपाट कानस, त्रिकोणी कानस, व्हर्निअर कॅलिपर, बेंच व्हाइस, काचेचा एक सपाट तुकडा आणि २२०, ४००, ६०० नंबरचे पॉलिश पेपर.

नळीची मापं सांगा.

३८ × ३८ × ९० मि.मी. चा ठोकळा. मधोमध आरपार १६ मि.मी. भोक. मध्ये टोक असलेला, लाकडासाठीचा बिट वापरा. चपटा स्पेड बिट बाभळीत अडकतो आणि मनगट पिरगाळतो. दर १० मि.मी. ला बिट बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर आत धूर होऊन भिंत जळते. खाली फळकुट ठेवा म्हणजे बाहेर पडताना कडा फुटणार नाहीत.

कातल्यावर बाहेरचा व्यास ३० ते ३४ मि.मी. ठेवा. खुंटी शिरते त्या टोकाला भिंत ५ मि.मी. पेक्षा पातळ नको, कारण नळी तडकते ती तिथेच. त्या टोकाला पितळी कडी बसवतात. ती नसेल तर ६ मि.मी. रुंद, १ मि.मी. खोल खाच कातून त्यात सुताचे घट्ट वेढे घ्या आणि वरून अॅरल्डाइट लावा. रंगीत सूत घेतलं तर कॉल चादरीच्या काठासारखा दिसतो.

आणि खुंटीची?

एकूण लांबी ८५ मि.मी. त्यातला ६० मि.मी. भाग बरोबर १६ मि.मी. व्यासाचा (हा नळीत जाणार), उरलेला २५ मि.मी. बाहेर राहणारा, हवा तसा आकार दिलेला.

बाहेरच्या टोकाकडून मधोमध ५ मि.मी. चं भोक पाडा, खोली ७२ मि.मी. बिटला ७२ वर चिकटपट्टी गुंडाळा आणि तिथेच थांबा. आतल्या टोकाला १३ मि.मी. भरीव लाकूड उरलंच पाहिजे. भोक आरपार गेलं तर तो तुकडा चुलीत टाका. डागडुजी करून उपयोग होत नाही. मग बाहेरच्या टोकाचं भोक २० मि.मी. खोलीपर्यंत १० मि.मी. रुंद करा.

खुंटी नळीत फिरवून आत जाईल इतपत घट्ट हवी. ढिली झाली तर खांद्याजवळ (बाहेरचा २५ मि.मी. भाग सुरू होतो तिथे) उथळ खाच करून मेण लावलेलं सूत गुंडाळा.

टोनबोर्ड कसा कापायचा?

इथे घाई करू नका. बाहेरून कॉल कितीही देखणा असला तरी त्याचा आवाज या ४५ मि.मी. मध्ये आणि त्यातही शेवटच्या १५ मि.मी. मध्ये ठरतो.

नळीत जाणाऱ्या ६० मि.मी. पैकी खांद्याजवळचे १५ मि.मी. गोल राहू द्यायचे. टोकाकडच्या ४५ मि.मी. वरून वरचा भाग उभा चिरून काढायचा. १६ मि.मी. व्यासापैकी ९ मि.मी. खाली राहील अशी रेघ दोन्ही बाजूंनी आखा. करवत या रेघेवरून टोकाकडून सुरू करा आणि ४५ वर न थांबता गोल भागात आणखी १० मि.मी. आत न्या. ही आतली चीर म्हणजे पाचरीची खाच. ती वरच्या अंगाने त्रिकोणी कानसीने हळूहळू अडीच मि.मी. उंच करा. मग ४५ मि.मी. वर आडवा काप द्या, वरचा तुकडा सुटतो. आता सपाट पृष्ठभागावर ५ मि.मी. भोकाची उघडी नाली दिसेल. टोकाच्या १३ मि.मी. अलीकडे ती संपली पाहिजे.

काचेवर २२० चा पॉलिश पेपर पसरून टोनबोर्ड त्यावर घासा. खिडकीकडे तोंड करून स्टीलची पट्टी उभी धरा. पट्टीखालून कुठूनही प्रकाश दिसू नये.

मग उतार. खाचेपासून पहिले ३० मि.मी. सपाटच राहू द्या. त्यापुढे टोकापर्यंत हळूहळू खाली वळणारा बाक द्यायचा, असा की अगदी टोकाला पट्टी आणि लाकूड यांत सुमारे दीड मि.मी. फट दिसेल. ४०० च्या पेपरवर खुंटी पुढे ओढत ओढत टोक किंचित उचला, बैलगाडीची दांडी खाली-वर व्हावी तसं. दहा ओढी मारल्या की पट्टी लावून पाहा. फट ०.८ च्या आसपास आली की पत्ती बसवून फुंकून पाहा, आणि नंतर दोन-दोन ओढींनीच पुढे जा. घासलेलं लाकूड परत येत नाही. बाक गुळगुळीत हवा. मध्ये कुठे उंचवटा राहिला तर तिथे पत्ती अडखळते आणि कॉल किंचाळतो.

पत्ती आणि पाचर कशी बसवायची?

पत्ती १२ मि.मी. रुंद, ५८ मि.मी. लांब कापा. कात्रीने कडा वळते, म्हणून पट्टी धरून धारदार कटरने कापा आणि कडा ६०० च्या पेपरवर हलकेच फिरवा. मागचं टोक खाचेच्या तळापर्यंत सरकवा.

पाचर बुचाची. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात बुचं मिळतात. त्याचा ३ मि.मी. जाड काप काढून पत्तीवरून खाचेत दाबा. पाचर खाचेच्या पूर्ण रुंदीची हवी. पत्तीएवढीच कापली तर दोन्ही बाजूंनी हवा निसटते, आणि नवखे मग टोनबोर्डलाच दोष देत तो बिघडवत बसतात.

पत्ती आता टोकाबाहेर ३ मि.मी. डोकावत असेल. आवाज जड आणि खालचा येईल. अर्धा अर्धा मि.मी. कापत फुंकून पाहा. पत्ती जितकी आखूड तितका सूर वर जातो. टोनबोर्डच्या टोकापासून एक मि.मी. आत आली की बहुतेक वेळा ‘क्वॅक’ जमतो. शेवटी दोन्ही कोपरे तिरपे, २ मि.मी. छाटा.

फुंकलं तर नुसती हवा जाते, आवाजच नाही.

आधी पाचर तपासा, सैल असेल तर पत्ती मागे उचलली जाते. ती ठीक असेल तर बाक जास्त झालाय, पत्तीला मिटायला फार दूर जावं लागतंय. ३५० मायक्रॉनची पत्ती असेल तर २५० घालून पाहा. तेवढ्यानेही जमलं नाही तर टोनबोर्ड पूर्ण सपाट घासून पुन्हा बाक द्या. एक मि.मी. घासलं तरी ८ मि.मी. लाकूड खाली उरतं, ते चालतं.

सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. पत्ती चिकटते.

हे उलट दुखणं, बाक कमी आहे. टोकाकडे तीन-चार ओढी मारा. नवा कॉल कोरडा असताना छान वाजतो आणि पाच मिनिटांनी चिकटतो, तेव्हा कारण थुंकी असते. पत्तीची खालची बाजू ४०० च्या पेपरने एकदा उभी घासून खरखरीत करा, गुळगुळीत पत्ती ओल्या काचेसारखी लाकडाला धरते.

किंचाळतो.

चार कारणं, याच क्रमाने पाहा. पत्ती तिरकी बसलीय. कोपरे छाटायचे राहिलेत. पत्तीच्या कडेला कटरचा काटा उभा आहे. नाहीतर बाकात उंचवटा आहे. शेवटचं ओळखायला टोनबोर्डवर पेन्सिल घासा आणि काचेवरच्या पेपरवर एकच हलकी ओढ मारा. जिथलं शिसं आधी पुसलं जातं तिथे उंचवटा.

दोन पत्त्यांचे कॉल सोपे असतात म्हणे?

वाजवायला सोपे आणि आवाज आपसूक घोगरा. वरची पत्ती खालच्यापेक्षा दोन मि.मी. आखूड कापा आणि तिच्यावर बोथट खिळ्याने वरून खाली एक फोड उठवा, म्हणजे दोन्ही चिकटणार नाहीत. मात्र सुराचा पल्ला कमी होतो. शिकायचं तर एकाच पत्तीवर शिका.

पॉलिश कोणतं?

बाहेरून चपडा लाख किंवा उकळलेलं जवसाचं तेल, पातळ चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस. तेल लावलेला कॉल पूर्ण वाळेपर्यंत, निदान दोन आठवडे, तोंडाला लावू नका. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात, सोलापुरी मेमध्ये तर नक्कीच सावध राहा. पसरून वाळवा.

नळीचं आतलं भोक बरेच जण विसरतात, तिथेही हात द्या. कच्चं लाकूड श्वासाची ओल पिऊन फुगतं आणि खुंटी आत अडकून बसते. टोनबोर्डवर पातळ सुपरग्लूचा एकच हात द्या आणि वाळल्यावर ६०० च्या पेपरने तो थर पुन्हा घासून सपाट करा. हा थर मूळ बाक बदलतो, म्हणून शेवटचं सूर लावणं यानंतरच.

पावसाळ्यात खुंटी अडकली, उन्हाळ्यात ढिली झाली. बिघडला का?

नाही, लाकूड आहे ते. अडकली असेल तर ओढाताण करू नका. दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग फिरवत काढा. ढिल्या खुंटीला सुताचे दोन वेढे वाढवा. एक गोष्ट मात्र टाळा: बंद गाडीच्या काचेपाशी उन्हात कॉल ठेवू नका. नळी तडकते आणि पत्तीला कायमचा बाक येतो.

फुंकायचं कसं?

गाल फुगवून नाही. आरसा पुसायला ‘हाऽ’ करतो तशी गरम हवा पोटातून सोडा आणि घशातच ‘हक्’ म्हणत तोडा. बाहेरच्या टोकावर हाताची ओंजळ धरून उघड-मीट केली की आवाज गोल होतो. पहिला आठवडा एकच ‘क्वॅक’ घटवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुपारची झोप संपल्यावर. हा आवाज भिंतीला जुमानत नाही.

याच्यातून आपल्याकडच्या सगळ्या बदकांचे आवाज निघतात का?

नाही. हळदीकुंकू बदकाच्या मादीचा आवाज या ‘क्वॅक’च्या अगदी जवळचा, म्हणून तुलनेला तो उत्तम. अडई शीळ घालते, त्याला पत्तीचा कॉल कुचकामी. चक्रवाकाची हाक नाकातली, लांब, भोंग्यासारखी. ती काढायला वेगळा टोनबोर्ड लागतो.

परदेशातल्या मित्राला भेट पाठवायचा आहे.

मग शिसम टाळा. शिसमाची सगळी प्रजातीच २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत आहे, कस्टम्समध्ये प्रश्न येतात. बाभळीचा पाठवा.

साफ कसा करायचा? लहान मुलांना देता येईल का?

खुंटी काढा, कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ टूथब्रशने पुसा, पत्तीखालून पातळ कागदाची पट्टी एकदा सरकवा. पत्ती काढायचीच असेल तर आधी मार्करने तिच्या दोन्ही कडांच्या खुणा टोनबोर्डवर करून ठेवा. अर्धा मि.मी. इकडेतिकडे झाली तरी सूर हरवतो.

मुलांना समोर बसून वाजवू द्या. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र सुटा देऊ नका. बुचाची पाचर आणि पत्ती दोन्ही सहज निघतात आणि घशात अडकण्याच्या मापाच्या असतात.